तीन महिन्यांच्या कोर्सनं भूक कायमची मरत नाही

लग्नसराई जवळ आली की वजनाचे फॉरवर्ड सुरू होतात. सध्या फिरणारा असा: ‘वजनाच्या इंजेक्शनचा तीन महिन्यांचा कोर्स करा. पोट आकसतं, भूक कायमची कमी होते. मग इंजेक्शन बंद, वजन परत येत नाही. शरीरातलंच हार्मोन, त्यामुळे साइड इफेक्ट नाहीत. पथ्य नको, हवं ते खा. एका पेनात चार डोस असतात, नवरा-बायकोत वाटून घ्या.’

रोख आहे सेमाग्लुटाइड आणि टर्झेपॅटाइड या औषधांवर. टर्झेपॅटाइड ‘मौंजारो’ या नावानं मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावानं त्याच वर्षी जूनमध्ये. औषधं गुणकारी आहेत यात वाद नाही. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेलं नकली इंजेक्शन टोचलेल्यांचं २.४ टक्के. भानगड आहे ती या फॉरवर्डमधल्या ‘कोर्स’ या कल्पनेत.

पोट आकसतं, हे आधी निकालात काढू. जेवल्यावर आतड्यात जीएलपी-१ नावाचं हार्मोन तयार होतं, त्याची नक्कल म्हणजे सेमाग्लुटाइड. टर्झेपॅटाइड त्याच्या जोडीला आणखी एका हार्मोनची नक्कल करतं. सुरुवातीला जठर रिकामं व्हायला वेळ लागतो हे खरं, पण तो परिणाम काही आठवड्यांत बराच ओसरतो. भूक मात्र कमीच राहते, कारण मुख्य काम मेंदूत चालतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३० लठ्ठ माणसांना बारा आठवडे सेमाग्लुटाइड आणि बारा आठवडे नकली औषध दिलं आणि मग हवं तेवढं जेवा म्हणून सांगितलं. औषधाच्या काळात त्यांनी दिवसभरात सुमारे २४ टक्के कमी उष्मांक खाल्ले. शिवाय तेलकट-तुपकट पदार्थांची ओढ घटली, अमुकच खावंसं वाटण्याची तलफ कमी झाली. आकसलेलं पोट बटाटावडा आणि वरणभात यांत भेद करत नसतं.

तीन महिने? जरा हिशेब करा. वेगोव्हीचा डोस आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमनं सुरू होतो आणि चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असा चढत २.४ वर जातो. एवढं हळू जावं लागतं, नाहीतर मळमळीनं माणूस हैराण होतो. म्हणजे पूर्ण डोसवर पोचायलाच सोळा आठवडे. फॉरवर्डवाल्यांचा कोर्स तेराव्या आठवड्यात आटोपलेला असतो!

आता मुख्य मुद्दा, भूक ‘कायमची’ कमी होण्याचा. याचं उत्तर आजच्या औषधांच्या कितीतरी आधी उंदरांनी दिलं होतं. फेनफ्लुरामाइन हे भूक मारणारं जुनं औषध. ते सुरू केलं की उंदरांचं खाणं एकदम घटायचं आणि काही दिवसांनी पूर्ववत व्हायचं. औषधाची सवय झाली, असा सरळ निष्कर्ष निघत होता. पण मग वजनही पूर्ववत व्हायला हवं होतं, आणि ते तर खालीच राहत होतं. तेव्हा डेव्हिड लेवित्स्की हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं करून पाहिलं: उंदरांना आधी उपाशी ठेवून त्यांचं वजन उतरवलं आणि मग औषध दिलं. या उंदरांनी खाणं कमी केलंच नाही. १९८२ साली लठ्ठपणाचे अभ्यासक अल्बर्ट स्टंकार्ड यांनी यावरून मांडलं, की ही औषधं मुळात भुकेवर घाव घालत नाहीत. शरीर वजनाची जी पातळी राखू पाहतं, ती पातळीच ही औषधं खाली ओढतात. वजन त्या पातळीला येईपर्यंत भूक दबलेली असते, आलं की खाणं पुन्हा सुरळीत. औषध काढून घेतलं की पातळी जुन्या जागी जाते आणि तिथं पोचेपर्यंत भूक जोर करते.

सिद्धांत म्हणून यावर अजून वाद आहेत. माणसांचे आकडे मात्र त्याच वळणाने जातात. सेमाग्लुटाइड वीस आठवडे घेतल्यावर काहींना गुपचूप नकली औषधावर टाकलं, तर पुढच्या ४८ आठवड्यांत त्यांचं वजन ६.९ टक्के वाढलं. ज्यांचं चालू राहिलं त्यांचं आणखी ७.९ टक्के उतरलं. वर सांगितलेल्या ६८ आठवड्यांच्या चाचणीतल्या काही जणांना औषध थांबवल्यानंतर वर्षभर पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. लोक अशा वेळी माणसालाच बोल लावतात, जिभेवर ताबा नाही म्हणतात. २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नुसत्या कडक डाएटनं वजन उतरवलेल्यांच्या रक्तात भूक वाढवणारी हार्मोन्स वर्षानंतरही चढलेली आढळली. त्यात जिभेचा काय दोष?

‘कोर्स’ ही कल्पना खपते त्याला कारण आहे, ते म्हणजे खर्च. मौंजारो आलं तेव्हा सर्वांत छोट्या डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, आणि आठवड्याला एक लागते. हे वर्षानुवर्षं घ्यावं लागेल असं ऐकलं की माणूस उठून जातो. तीन महिने म्हटलं की पैशांची सोय बघू लागतो. डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, पेशंट उठून गेला तरी चालेल.

शरीरातलंच हार्मोन, म्हणून निर्धोक? आपलं स्वतःचं जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत विरघळतं. इंजेक्शनातल्या सेमाग्लुटाइडचा रक्तातला साठा निम्म्यावर यायला आठवडा लागतो, त्यामुळे त्रास झाला तरी टोचलेलं परत काढता येत नाही. ६८ आठवड्यांच्या त्या चाचणीत ४४ टक्के लोकांना मळमळ झाली, नकली औषधवाल्यांत १७ टक्के. बहुतेकांची थोड्या दिवसांत थांबते, पण ‘साइड इफेक्ट नाहीत’ हे धादांत खोटं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झालेला असेल, तर हे औषध देतच नाहीत. भूक मारणाऱ्या औषधांचा इतिहासही काही फार सोज्वळ नाही. तेच फेनफ्लुरामाइन हृदयाच्या झडपा बिघडतात म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारातून काढावं लागलं आणि सिब्युट्रामिन या अशाच दुसऱ्या औषधावर २०११ मध्ये भारतात बंदी आली. आजची औषधं त्या मानानं चांगली ठरली आहेत. २०२३ च्या चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या लठ्ठ लोकांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सेमाग्लुटाइडनं २० टक्क्यांनी घटलं. हे फायदे डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध चालू ठेवणाऱ्यांना मिळाले.

‘हवं ते खा’ याचं उत्तर ताटात आहे. ६८ आठवड्यांच्या चाचणीतल्या १४० जणांचं स्कॅन केलं, तेव्हा घटलेल्या वजनातला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा चरबीचा नव्हता, त्यात स्नायूही आले. जेवण निम्म्यावर आलं आणि त्यातही चहा-बिस्किट आणि दोन घास भात असेल, तर प्रथिनं यायची कुठून? उसळ, अंडी, मासे, पनीर, दही यांतलं काहीतरी आधी खायचं, भात-पोळी नंतर. जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम.

राहिला पेन वाटून घेण्याचा सल्ला. सुई बदलली तरी टोचताना रक्ताचा अंश पेनाच्या आतल्या कुपीत मागे जाऊ शकतो, आणि त्यातून हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही दुसऱ्याला लागू शकतो. इन्सुलिनच्या पेनालाही हाच नियम आहे. नवरा-बायको असले तरी पेन प्रत्येकाचं वेगळं.