लोकसहभाग साधण्याची सोपी रीत

दुर्गम गावात आरोग्य संशोधन करण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर सर्वप्रथम भाताच्या रोवणीचा हंगाम निवडावा. एरवी बायका जंगलात, बाजारात विखुरलेल्या असतात; रोवणीत मात्र त्या बांधीत ओळीने वाकलेल्या सापडतात आणि मोजायलाही सोप्या जातात. बुडालेल्या मजुरीचा विषय काढू नये. अंघोळीच्या साबणाची एक वडी पुरते.

संमतिपत्र नऊ पानांचे आणि शुद्ध पुस्तकी मराठीत असावे. माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईला ते समजावून सांगण्यात वेळ घालवू नये, कारण अंगठ्याला भाषा लागत नाही. निरक्षर व्यक्तीच्या संमतीला निःपक्ष साक्षीदार हवा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्या जागी आपल्याच गाडीचा चालक चालतो. मुली वसतिगृहात राहत असतील तर काम आणखी हलके होते. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प झाला, तेव्हा कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या की!

प्रश्न मात्र शास्त्रीय असावेत. ‘मानसिक ताण एक ते दहापैकी किती?’ हा प्रश्न मी एका आजीला माडियात सांगितला, तेव्हा तिने विचारले, ‘गुरुजी, दहा काय? शेळ्या?’ टॅबवर तिचे उत्तर ‘पाच’ असे नोंदले गेले.

गडचिरोलीत बंग या डॉक्टर दांपत्याने एक वाईट पायंडा पाडून ठेवला आहे, तिकडे दुर्लक्ष करावे. दवाखाना कसा हवा हे त्यांनी लोकांनाच विचारले, तो झोपड्यांसारखा बांधला, त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. ३९ गावांमध्ये गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणले. इतकी वर्षे एका जागी राहायला सवड कोणाला आहे?

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. रक्त घ्यावे, अहवाल देऊ नये. गेल्या वर्षी एका शहरी संस्थेचे पथक आमच्या एटापल्ली तालुक्यातल्या शाळेच्या पडवीत बसले होते. मुख्याध्यापक या नात्याने घरोघरी निरोप मी दिला, दुभाष्या मी झालो, आणि ‘पंधरा दिवसांत कागद येईल’ हेही माझ्याच तोंडून वदवले गेले. एकेचाळीस बायकांनी, हातापायांचा चिखल कसाबसा धुऊन, दंड पुढे केले. नळ्या थर्माकोलच्या डब्यात गेल्या, डबा गाडीत गेला, आणि तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी कोणीतरी शाळेच्या फाटकाशी थांबून विचारते, ‘गुरुजी, आमचा कागद आला का?’ त्यांतली एक तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. तिच्या अंगात रक्त किती होते, हे त्या संस्थेच्या संगणकाला ठाऊक होते. तिला नव्हते, आशाताईला नव्हते, प्राथमिक आरोग्य केंद्रालाही नव्हते. बाळंतपण सुखरूप झाले, यात आपले श्रेय शून्य आहे. मी सहा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी ‘विश्लेषण सुरू आहे’ असे उत्तर मिळाले. हिमोग्लोबिनच्या एका आकड्याचे वर्षभर कसले विश्लेषण करता?

आणि गेल्या आठवड्यात त्याच संस्थेचा फोन आला: दुसरा टप्पा आहे, साठ महिला जमवून ठेवा, लोकसहभाग चांगला दिसला पाहिजे.

जमवणार नाही. त्या बायकांनी आपल्याला रक्त दिले, आपण त्यांना साधी चिठ्ठी दिली नाही, आणि याला सहभाग म्हणायला आपल्याला लाजही वाटत नाही. मला त्यांच्यासमोर खोटे पाडलेत, ते वेगळेच. रोवणी चालू आहे, आता येऊ नका. पोळ्यानंतर या, आधी ग्रामसभेत बसा, आणि येताना ते एकेचाळीस कागद घेऊन या. पडवीची किल्ली तोवर माझ्याकडेच राहील.