नऊची उपासना, सव्वानऊची मंडळी

चर्चमध्ये रविवारी सूचना कधी वाचायच्या, या वादाला तोंड फोडलं आमच्या मंडळीच्या सेक्रेटरीनं. सोलापूरच्या सात रस्त्याच्या टपरीवर कटिंग हातात येतोय न येतोय तोच म्हणाला, "पुढच्या रविवारपासून सूचना सुरुवातीलाच घेऊ. नऊला घंटा, नऊ ते नऊ-दहा सूचना. तेवढ्यात उशिरा येणारे येऊन बसतात. मग उपासना कशी, एका दमात."

"म्हणजे नऊची उपासना तू कागदावरच नऊ-दहाची केलीस की बे," दारावाला म्हणाला. हा दर रविवारी मागच्या दाराशी उभा असतो, लोकांना जागा दाखवतो. त्याला चपलांच्या आवाजावरून कोण आलं ते कळतं.

कट्ट्यावर पाच जण होते: सेक्रेटरी, दारावाला, पेटीवाला (आता वाजवतो कीबोर्ड, नाव मात्र पेटीवालाच राहिलं), मंडळीच्या कमिटीत जन्म काढलेले अण्णा, आणि आपला कॅथोलिक दोस्त, ज्याला मिस्सा (त्यांची रविवारची उपासना) संपवून इथे यायला नेहमी आपल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

दारावाल्याचं म्हणणं असं की माणसं घड्याळाकडं बघत नाहीत, काय चुकणार ते बघतात. पहिल्या दहा मिनिटांत नुसत्या सूचना आहेत हे एकदा कळलं की जे नऊ-पाचला यायचे ते नऊ-दहाला येतात आणि नऊ-दहावाले नऊ-वीसला. उशीर तेवढाच राहतो, फक्त पुढं सरकतो. शिवाय शिक्षा कुणाला? पावणेनऊला येऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईला. ती गीताचं पुस्तक उघडून बसलेली आणि सेक्रेटरी वाचतोय, महिला संघाची भिशी, तरुण संघाची सहल, हॉलचं भाडं. आणि ज्यांनी ऐकायला पाहिजे ते अजून गाडीला स्टँड लावलालेत. मग आशीर्वादानंतर तेच लोक विचारतात, सहल किती तारखेला? सेक्रेटरी पुन्हा माईक घेतो. दहा मिनिटांच्या सूचना सोळा मिनिटं खातात, आणि कापला जातो तो पाळकसाहेबांचा संदेश, म्हणजे प्रवचन.

पेटीवाल्यानं वेगळाच मुद्दा काढला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात पक्का होता. जुनं दगडी चर्च, उंच छप्पर, भिंतींना पडदा नाही की काही नाही. रिकामं असताना त्यात आवाज घुमतो. माणसं बसली की कपडे आणि अंगं आवाज पिऊन टाकतात, मग शब्द सुटे ऐकू येतात. म्हणजे सूचना वाचायची सगळ्यात वाईट वेळ कोणती, तर अर्धी बाकं मोकळी असतानाची. त्यात पंखे फुल स्पीडला, दार उघडं, बाहेर रिक्षा. "तारीख सतरा की सत्तावीस हे तिसऱ्या बाकापलीकडं कुणालाच कळत नाही," तो म्हणाला. "आणि तू माईक हनुवटीखाली धरतोस. तोंडापासून चार बोटं, जरा बाजूनं. समोर धरलास तर प आणि फ फुटतात."

"मग शेवटी घेऊ," सेक्रेटरी म्हणाला. "आशीर्वादाच्या आधी."

इथे कॅथोलिक दोस्त हसला. त्यांच्याकडं हेच आहे. मिस्साच्या नियमावलीत सूचनांची जागा समारोपाच्या विधीत दिलीय: कम्युनियन (प्रभूभोजन) नंतरची प्रार्थना झाली की, आशीर्वादाआधी, थोडक्यात आणि गरज असेल तरच. जागा विचार करून दिलेली आहे, लोक बाहेर पडताना आठवड्याचं काम सोबत घेऊन जातात. अडचण अशी की कम्युनियन घेऊन काही मंडळी बाकाकडं परत न येता सरळ दाराकडं वळतात. म्हणजे आपल्याकडं उशिरा येणारे सूचना चुकवतात, त्यांच्याकडं लवकर जाणारे. त्यानं आणखी एक सांगितलं: जुन्या काळी त्यांच्यात, अर्पणविधी सुरू व्हायच्या आत पोचलात तर मिस्सा धरली, असा हिशेब नीतिशास्त्राच्या पुस्तकांत असायचा. आता त्यांच्या चर्चच्या कायद्यात अशी रेघ नाही. "रेघ ओढली की लोक रेघेला टेकून येतात," तो म्हणाला. सेक्रेटरीला हे लागलं असावं. बिस्किट चहात बुडवून त्यानं ते तसंच विरघळू दिलं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, आपल्याकडं सूचनांची ठरलेली जागा नाही याला कारण आहे. सोलापुरात काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाचं. तिथे उपासनेचा क्रम मंडळी आणि पाळक मिळून ठरवणार. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एकत्र झाली, त्यात सहा मंडळ्या आल्या आणि त्यांत अँग्लिकनही, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचे, होते. त्यांच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात प्रभूभोजनाच्या विधीत जागा छापलेलीच आहे: विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) झाला की संदेशाच्या आधी, येत्या आठवड्यात कुठला सण, कुठला उपास, कुणाच्या लग्नाचा पुकारा, म्हणजे ठरलेलं लग्न जाहीर करणं. म्हणजे मधोमध. इंग्लंडच्या चर्चनं 2000 साली नवा विधी काढला त्यात तीन जागा दिल्या: सुरुवातीच्या आधी, मध्यस्थीच्या (इतरांसाठीच्या) प्रार्थनेच्या आधी, किंवा पाठवणीच्या आधी.

"त्यातली मधली घ्या," अण्णा म्हणाले. "मध्यस्थीच्या आधी. कोण दवाखान्यात आहे, कुणाकडं मयत झालीय, कुणाच्या पोराची परीक्षा, हे सांगितलं की पुढच्याच मिनिटाला त्यांच्यासाठी प्रार्थना. सूचना उपासनेत घुसलेली वाटत नाही, उपासनेचीच होते. आणि तोवर साडेनऊ वाजलेले असतात. ज्यांना यायचंय ते आलेले असतात."

पेटीवाल्याचा यालाही विरोध. शास्त्रवाचन आणि विश्वासांगीकारानंतर मन लागलेलं असतं, तिथे हॉलच्या भाड्याचं काय काढता? बरोबर आहे त्याचं. मग अण्णांनी सूचनांचे दोन गठ्ठे केले. ज्यात माणूस आहे ते मध्यस्थीच्या आधी. ज्यात पैसा, जागा, मीटिंग आहे ते छापील कागदावर आणि फळ्यावर, तोंडानं नाही. अर्पणाच्या लगेच आधी पैशाची सूचना कधीच नको. थाळी आणि मागणी शेजारी शेजारी आली की लोक पाकिटात आधी ठरवलेलं तेवढंच ठेवतात आणि चिडतात ते वेगळं.

तोंडी सूचनेला तीन मिनिटं. माईकवर सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्द होतात, म्हणजे साडेतीनशे शब्द, म्हणजे फार तर सहा सूचना. प्रत्येकीत वार, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुणाला भेटायचं, ही पाच खणं भरलेली हवीत. "इच्छुकांनी संपर्क साधावा" ही सोलापुरातली सगळ्यात निरुपयोगी ओळ आहे. कुणाशी? कधी? वाढदिवसांची यादी, देणगीदारांची नावं, पाहुण्यांचा सत्कार हे सगळं कागदावर. नावांची यादी वाचताना एक नाव राहिलं की पुढचे दोन रविवार ते घर रुसतं. हा अण्णांचा टोमणा कुणाकडं होता ते सगळ्यांना कळलं.

सूचना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सेक्रेटरीकडं लेखी. शनिवारी अर्ध्या ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात छापायच्या, चौदा पॉइंटच्या खाली नाही, कारण वाचणाऱ्यात निम्म्यांना चाळिशी आहे. व्हॉट्सअॅपवर तोच कागद. रविवारी सकाळी फक्त मयतीची चिठ्ठी घ्यायची, कारण दफन त्याच दुपारी असतं. ती मात्र मध्यस्थीच्या आधी आणि आशीर्वादानंतर, दोनदा सांगायची. बाकी चिठ्ठ्या संदेश चालू असताना पुलपिटाकडं सरकवायच्या नाहीत. पाळक वाक्य सोडून चिठ्ठी उघडतात आणि सगळं चर्च त्यांच्या चेहऱ्याकडं बघत बसतं.

लग्नाच्या पुकाऱ्यावर थोडा वेळ गेला. सेक्रेटरीला वाटायचं की तोंडी वाचलं की झालं. अण्णांनी 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याची आठवण करून दिली: लायसेन्स असलेल्या पाळकाकडं नोटीस लेखी लागते, ती चर्चमध्ये सहज दिसेल अशा जागी लावावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून चार दिवस जाईपर्यंत दाखला देता येत नाही. म्हणून फळा दारातच पाहिजे. आतल्या खोलीतल्या कपाटामागं गेलेला फळा काय कामाचा? तोंडी पुकारा करा, तीन रविवार करा, ती मंडळीची रीत आहे. पण त्यानं कागद सुटत नाही.

मग दाराचा प्रश्न आला आणि आवाज चढले. दारावाल्याला दार बंद हवं: पापकबुली, शास्त्रवाचन आणि प्रार्थना चालू असताना कुणी आत नाही. सेक्रेटरी म्हणाला, देवाच्या घराचं दार लावणारा तू कोण? दारावाला म्हणाला, लावत नाही वो, थांबवतो. दोन मिनिटं व्हरांड्यात उभं राहिलं की कुणाचं काय जात नाही. पण आत सोडायचं ते गीतात. चार कडव्यांचं गीत ध्रुवपद धरून चार-एक मिनिटं चालतं. दुसऱ्या कडव्याला दार उघडायचं, म्हणजे शेवटच्या कडव्याआधी सगळे बसलेले असतात. पहिल्यालाच उघडलं तर गीत उचलणारे माना वळवून बघतात आणि चाल पडते. बाहेर जास्त लोक असतील तर दारावाल्यानं हात वर करायचा, पेटीवाल्यानं कडव्यामधला तुकडा दोनदा वाजवायचा. पेटीवाला तयार झाला, हे नवलच.

खरी गंमत बाकांची आहे. मागची बाकं आधी भरतात, आणि तीही कडेकडेनं. वेळेवर आलेला माणूस बाकांमधल्या वाटेकडच्या टोकाला बसतो आणि आत चार जागा मोकळ्या. उशिरा आलेल्याला मग पाच गुडघे ओलांडावे लागतात नाहीतर सगळ्यांसमोरून पुढं जावं लागतं. म्हणून मागची तीन बाकं सुतळी बांधून ठेवायची, नऊ-पाचपर्यंत कुणी बसायचं नाही. ती उशिरा येणाऱ्यांना, आणि रडणारं मूल घेऊन आलेल्या आईला. वेळेवर आलेल्यांना दारावरच सांगायचं, आत सरका. पुढच्या बाजूच्या दारातून मात्र कुणालाच नाही, पाळकांच्या मागून डोकं काढत येणारा माणूस संदेशापेक्षा जास्त लक्षात राहतो.

"आणि पाण्याच्या दिवशी?" कॅथोलिक दोस्तानं विचारलं.

सगळेच गप्प झाले. सोलापुरात पाणी रोज येत नाही. ज्या रविवारी नळाची पाळी सकाळी असते त्या रविवारी पहिल्या घंटेला निम्म्या बायका बॅरल भरत असतात, आणि त्यांना उशिरा येणारे म्हणणं अण्णांनाही जमेना. दारावाला म्हणाला, पाळी आधी कळते, त्या रविवारी पहिलं गीत वाढवू. सेक्रेटरी म्हणाला, उन्हाळ्यात साडेसातची उपासना केली तर पाणी आणि ऊन दोन्ही चुकेल. पेटीवाला म्हणाला, साडेसातला गायला गळा कुणाचा उघडतो? शेवटी एवढंच ठरलं की सुतळी दारावाला आणणार, कागदाचा नमुना सेक्रेटरी करणार, आणि साडेसातचं कमिटीत मांडायचं. तेही शुक्रवारपर्यंत लेखी दिलं तरच.