माती लावून बसलोय, हसवू नका

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला, की शेंगाचटणीला सुटावं तसं तेल माझ्या कपाळाला सुटतं. पाठीवर घामोळं असतं ते वेगळंच. यावर बायकोचा इलाज म्हणजे मुलतानी माती. नवी पेठेतून पाकीट आलं, गुलाबपाणी आलं, आणि माझ्या तोंडावर लिंपण सुरू झालं.

तेवढ्यात मंगळवेढ्याहून आलेल्या आत्याने पाकीट हातात घेतलं, किंमत वाचली आणि म्हणाली, "माती इकत आणली व्हय रे? आपल्या रानातली काय वंगाळ हाय?"

बायको हसली. पण शास्त्र आत्याच्या बाजूने आहे, हे मला नाइलाजाने सांगावं लागलं. मुलतानी मातीत तेल शोषून घेणारं मुख्य खनिज म्हणजे बहुधा माँटमोरिलोनाइट. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या रानात पिकते, त्या रानातही तेच खनिज भरपूर असतं. पाणी मिळालं की फुगायचं आणि सुकलं की आक्रसायचं, हा त्याचा स्वभाव. म्हणून तर उन्हाळ्यात आपल्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पूर्वी युरोपात लोकरीच्या कापडातला तेलकटपणा काढायला असलीच माती वापरत. चादरीच्या गावात माझं तोंड धुलाईला निघालं होतं, एवढंच.

आत्या जिंकली म्हणून दुसऱ्या दिवशी पिशवीभर काळी माती घरात आली. ती मात्र मी अडवली. रानात शेणखत पडतं, फवारण्या होतात, आणि धनुर्वाताचे जंतूही मातीतच राहतात. खुद्द गांधीजी पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवायचे, पण खत घातलेली माती वापरू नका, ती चाळून घ्या, शंका असेल तर भाजून घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. आपल्याच पुणे रस्त्यावर उरुळीकांचनला १९४६ साली त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, हेही मी आत्याला ऐकवलं. "मग भाज की," असं म्हणून तिने कढई पुढे सरकवली. गॅस सिलिंडरचा भाव सांगितल्यावर विषय मिटला.

पोटात घ्यायच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. आत्याला पित्तावर चमचाभर माती पाण्यात कालवून प्यायची होती. जुलाबाच्या जुन्या औषधांत केओलिन नावाची पांढरी माती असायची, हे खरं; पण ती औषधासाठी शुद्ध केलेली. साध्या मातीत शिसं असू शकतं. शिवाय ही माती तेल धरते तशी औषधही धरून ठेवते. बीपीची गोळी आणि माती एकत्र पोटात गेली, तर गोळी मातीलाच लागू पडायची. गोळीचं नाव निघताच आत्याने चमचा खाली ठेवला.

राहिला लेप. पाकिटावर वीस मिनिटं लिहिलेलं असतं. लिहिणारा मे महिन्यात सोलापुरात आलेला नसावा. इथे पंख्याखाली पाच मिनिटांत कातडी अशी ओढली जाते, की भुवई उचलायची सोय राहत नाही. खरं तर लेप पूर्ण सुकायच्या आत धुवायला हवा, नाहीतर कातडी कोरडी पडून चुरचुरते. पण धुणार कशाने? नळाला पाणी रोज येत नाही, आणि भरलेल्या पिंपावर बायकोचा पहारा.

बरोबर अशा वेळी बेल वाजते. दारात वर्गणीची पोरं.

"काका, मागच्या वर्षी पाचशे एक दिले होते. यंदा हजार एक लिहू का?"

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी मान हलवली, तर गालावरचा एक पोपडा पावतीपुस्तकावर पडला. पोराने तो फुंकर मारून उडवला आणि हजार एक लिहिले. बाहेर पडता पडता दुसरा म्हणाला, "काका लई सीरियस झालेत बे." मला हसू आलं आणि उरलेला लेप हनुवटीपासून कानापर्यंत तडकला.

शेवटी एका तांब्यात तोंड धुतलं. तेल गेलं होतं, हे मान्य करतो. घामोळं होतं तिथेच होतं. त्यावर आत्याने हुकूम काढला, की आता पाठीलाही लावा. पाकीट संपेपर्यंत लावली आणि एकेका तांब्यात धुतली.

फुगायचा तो स्वभाव मग मोरीच्या पाइपात उठून दिसला. पाणी उंबऱ्याशी आलं, तेव्हा प्लंबरला बोलावलं. त्याने तार घालून चिकट गोळा बाहेर ओढला, तो बोटांनी चोळून पाहिला आणि विचारलं,

"मालक, गणपतीला अजून लई टाइम हाय. आत्ताच शाडूचा बुडवला काय?"