खजूर म्हणजे साखरच की
‘एनर्जी बारमध्ये साखर नाही, फक्त खजूर, त्यामुळे शुगरवाल्यांनाही बिनधास्त चालतो’ हे वाचून थांबलेच. अहो, सुक्या खजुरात १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या वर साखरच असते, फायबर आहे मान्य, पण म्हणून साखर कुठे पळून जाते का?

आमच्या बाबांनी असंच ‘नो ॲडेड शुगर’ वाचून रोज चहाबरोबर एक बार सुरू केला, महिन्याभराने शुगर तपासायच्या मशीनवर २४० आकडा दिसला तेव्हा मी रॅपर उलटून वाचलं, पहिलंच नाव खजूर पेस्ट, दुसरं मध, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात म्हणे. बदाम शेवटून दुसरे, फोटोत मात्र नुसते बदामच! आता बाबा मूठभर फुटाणे खातात, कुरकुर करत का होईना.