बाजारभावाचा ब्लॉक आणि 'टायपिस्ट': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीसाठी बाजारभावाचा कस्टम ब्लॉक (पानात टाकायचा, गरजेप्रमाणे बनवलेला घटक) एआयच्या मदतीने कसा केला, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं असं: एआयच्या कोडमध्ये सुरक्षिततेचा विचार नसतो, पुढे देखभाल कोण करणार, ग्राहकाची माहिती बाहेर जाते. आणि शेवटी, "रिअ‍ॅक्ट न शिकता ब्लॉक बनवणारे डेव्हलपर नव्हेत, टायपिस्ट." (रिअ‍ॅक्ट म्हणजे वर्डप्रेसचे ब्लॉक सहसा ज्यात लिहितात ती जावास्क्रिप्टची लायब्ररी.)

एक गोष्ट आधीच मान्य करते. आउटपुट एस्केप करण्याच्या, म्हणजे पानावर दाखवलेल्या मजकुरातून घातक कोड चालू नये म्हणून घालायच्या ओळी लेखातल्या नमुन्यात दाखवायला हव्या होत्या. लेख लांबला म्हणून गाळल्या. प्रत्यक्ष ब्लॉकमध्ये त्या पहिल्यापासून आहेत. आता नमुन्यातही टाकल्या आहेत.

आता ते शेवटचं वाक्य. मतभेद असावेत, पण ज्या बाईला आपण ओळखत नाही तिच्याशी असं बोलतात का? आणि तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते, मी टायपिंगमधूनच आले. डीटीपीच्या दुकानात पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडून श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं लावली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार कुठे सरकतो, जोडाक्षर कुठे फुटतं, हे त्या खुर्चीत बसून कळलं. त्या कामाची मला लाज नाही, आणि ते हलकं आहे असं कुणी सुचवलेलं मी ऐकून घेणार नाही.

त्याच कामाने हा ब्लॉक वाचवला. साइटवर भाव भरणाऱ्या ताई आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मराठी आकड्यांत टाइप करतात. एआयचा पहिला कोड दिसायला नीटनेटका होता. पण जावास्क्रिप्टला '१२५०' हा आकडाच वाटत नाही, आणि पीएचपीत, म्हणजे वर्डप्रेस मुख्यतः ज्या भाषेत लिहिलं आहे तिच्यात, त्याचं रूपांतर केलं तर शून्य येतं. कांद्याचा भाव शून्य! माल कोणत्या बाजारात न्यायचा हे शेतकरी त्यावरून ठरवतो हो. शिवाय एआयने सर्वसाधारण दर म्हणजे किमान आणि कमाल दरांची सरासरी धरली होती. तो सरासरी दर नव्हे. बहुतेक माल ज्या भावाने विकला जातो तो दर. तो बाजार समितीकडून येतो, गणिताने काढायचा नसतो. हे मी पकडलं, ते रिअ‍ॅक्टच्या कोर्समधून नव्हे. मग एआयला सांगून देवनागरी अंक आधी बदलून घेतले, सरासरी काढून टाकली, आणि किमान दर कमाल दरापेक्षा जास्त पडला तर सूचना येईल अशी अट घातली.

वर्डप्रेस ५.० बरोबर डिसेंबर २०१८ मध्ये गुटेनबर्ग हा ब्लॉकचा नवा संपादक आला, तेव्हा वर्षानुवर्षं पीएचपीत काम केलेल्यांपुढे एकदम रिअ‍ॅक्ट, जेएसएक्स ही त्याची लेखनपद्धत आणि कोड तयार करणारी बिल्डची साधनं आली. चांगल्या माणसांनी तेव्हा कस्टम कामं सोडली. पुढच्याच वर्षी एसीएफ प्रो या प्लगइनने पीएचपीतून ब्लॉक करायची सोय दिली. ती वापरणाऱ्यांनाही तुम्ही टायपिस्ट म्हणाला होतात का?

देखभालीबद्दल: ब्लॉक डायनॅमिक आहे, म्हणजे मांडणी पोस्टमध्ये साठवलेली नाही, पान दाखवताना रेंडरच्या पीएचपी फाइलमधून येते. उद्या तक्त्याची रचना बदलली तरी जुन्या पोस्टमध्ये मजकूर चुकल्याची 'इनव्हॅलिड कंटेंट'ची चौकट येणार नाही. लेखात हे लिहिलं होतं. वाचलं असतं तर विचारावं लागलं नसतं.

ग्राहकाच्या माहितीचं म्हणाल, तर बाजारभाव रोज जाहीर होतात. त्यात लपवण्यासारखं काय आहे? यावर मी आणखी लिहीत नाही.

कोडमध्ये नेमका दोष दिसला तर ओळ दाखवून लिहा, मी दुरुस्त करेन आणि तसं कळवेनही. माणसाच्या कामावरून हिणवणारी दुसरी प्रतिक्रिया मात्र इथे ठेवणार नाही.