धामणीच्या तोंडावरची खपली

गेल्या पावसाळ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा इथे इलिनॉयमध्ये सकाळचे सात वाजले होते. गावाकडे दिवस कलला होता. भाचा सर्पमित्र आहे, पवनी तालुक्यातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यात. कुणाच्या तरी कोठ्यातून त्याने सहा फुटी धामण काढली होती आणि ती पोत्यात टाकण्याआधी मला दाखवत होता.

"आत्या, इचं तोंड पाहा. कात अडकली म्हनाव, तं तसंबी नाई दिसत."

मोबाइल जवळ नेल्यावर दिसलं. हनुवटीखालचे खवले पिवळट तपकिरी पडले होते, कडा उचकटलेल्या, वर कोरडी खपली. एक डोळा धुरकट. कात टाकायला आलेल्या सापाचे दोन्ही डोळे निळसर होतात, इथे एकच होता. भाजल्याची जखम असेल, गोचीड चिकटून झालेली असेल, खरंच कात अडकली असेल. फोनवरून निदान होत नाही. पण माझ्या पोटात गोळा आला, कारण असं तोंड मी इथे हाताच्या अंतरावरून पाहिलं आहे.

दर वसंतात मी कार्लाइल तलावाच्या भागात सापांच्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून जाते. मासासौगा नावाचा तिथला छोटा रॅटलस्नेक हिवाळाभर खेकड्यासारख्या क्रेफिशच्या बिळात पडून असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन खायला बाहेर येतो. २००८ मध्ये याच भागात सुजलेल्या, चेहरा विद्रूप झालेल्या मासासौगा सापडल्या आणि त्या मेल्या. त्याआधी, २००६ च्या ओल्या उन्हाळ्यानंतर, न्यू हॅम्पशायरमध्ये टिंबर रॅटलस्नेकची एकुलती एक वस्ती वर्षभरात निम्म्यावर आली होती. कारण निघालं एक बुरशी, ऑफिडिओमायसिस. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे, त्याचेच सापाचे खवले, आणि ही बुरशी तेच खाते. ती मातीत तग धरते, एका सापाकडून दुसऱ्याकडे जाते, आईकडून पिलांकडेही जाते. साप तिला झटकायला वरचेवर कात टाकतो, अंग तापवायला उघड्यावर पडून राहतो आणि तिथेच घारी-ससाण्यांच्या तावडीत सापडतो. तोंड सुजलं की भक्ष्य गिळता येत नाही. पुष्कळ साप यातून बरेही होतात. पण जी वस्ती आधीच लहान आणि एकाकी आहे, तिला हा धक्का पेलत नाही.

मोजणीची पद्धत साधी आहे. सापाचं तोंड पारदर्शक नळीत घ्यायचं, ओल्या कापसाची काडी अंगावरून पाच वेळा फिरवायची, काडी कुपीत टाकून प्रयोगशाळेकडे पाठवायची. पुढची तपासणी पीसीआरची. कोविडात आरटीपीसीआर हा शब्द आपल्या पानटपरीवर पोचला होता, हे त्याच जातीचं काम. मग एका भागाला नऊ भाग पाणी घालून केलेल्या ब्लीचमध्ये हूक बुडवायचा, बूट बुडवायचे, हातमोजे फेकून नवे घालायचे, तेव्हाच दुसऱ्या सापाला हात लावायचा. पहिल्या वर्षी मला हा सोपस्कार वाटला. दुसऱ्या वर्षी एक मादी हातात आली, तिच्या नाकपुडीची जागाच खपलीने बुजली होती. तेव्हापासून ब्लीचची बादली मी स्वतः भरते.

आता गावाकडचा वाद. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी २०२५ मध्ये सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि १० लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. आमच्याकडे लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, रात्री दोन वाजता फोन केला तर हीच पोरं येतात, त्यांच्या जिवाला कुणी तरी जबाबदार हवं. दुसरा म्हणतो, गळ्यात नाग घालून व्हिडिओ काढणाऱ्यांना सरकारी ओळखपत्र कशाला, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस ठेवा. माझ्या मते दोघांचंही खरं आहे आणि दोघांनाही साप दिसत नाही. साप म्हणजे पकडायची, सोडायची किंवा मारायची वस्तू. तो आजारी असू शकतो, ही कल्पनाच आपल्या बोलण्यात नाही. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते यावर आजही तावातावाने बोलणारे भेटतात. नागपंचमीला आपण नांगर धरत नाही, तवा चढवत नाही, भाजी चिरत नाही. एवढा ज्याचा मान, त्याचे खवले का उचकटले हे वाकून पाहायची सवय मात्र आपल्याला नाही.

"तुझ्या अमेरिकेत ठीक आहे, इथे माणसं मरतात," असं मला ऐकवलं जातं. हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. अमेरिकेत वर्षाकाठी सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतो आणि मरतात पाचेक. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्या आकड्यात आमच्या शेजारच्या काकूसारख्या बाया आहेत. काकू जमिनीवर झोपली होती, मण्यार अंथरुणात शिरली. दुखलं नाही, सूज नाही, पहाटे पोटात कळ आली तेव्हा घरच्यांना अपचन वाटलं. सूर्य वर यायच्या आत ती गेली. ज्या घराने असं माणूस गमावलं, त्या घराला सापाच्या कातडीची काळजी करायला मी सांगू शकत नाही. लस, वेळेवर गाडी, पलंग आणि मच्छरदाणी हे आधी. यात मला तडजोड नको आहे.

अमेरिकेला शहाणपणाचं प्रमाणपत्रही मी देणार नाही. न्यू इंग्लंडच्या काही राज्यांत रॅटलस्नेक मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत होतं, न्यू हॅम्पशायरमधली वस्ती तेवढीशी उरली ती अशाच शिकारीने. टेक्सासात स्वीटवॉटर गावी आजही दर मार्चमध्ये रॅटलस्नेक पकडून जत्रा भरते. आणि बुरशी आली कधी? संग्रहालयातल्या बरण्यांत ठेवलेले जुने साप तपासले तेव्हा १९४५ च्या सापात ती सापडली. साठ वर्षं ती इथे होती आणि कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं गेलं ते केवळ काही लोक तेच साप वर्षानुवर्षं मोजत होते म्हणून.

हीच गोष्ट मला आपल्या सर्पमित्रांसाठी हवी आहे, कारण आपल्याकडे सापाला हात लावणारे तेच आहेत. या बुरशीला २५ अंशांच्या आसपासची हवा मानवते, ३५ च्या वर तिची वाढ थांबते. आपला मे महिना तिला भाजून काढेल. पण धानाच्या बांधीतला श्रावण तिला नेमका सोयीचा. आणि श्रावणातच सर्पमित्राच्या एका पोत्यात सकाळी नाग, दुपारी तस्कर, संध्याकाळी परड म्हणजे घोणस जाते. तेच पोतं, तोच हूक. कधी तीन-चार साप एकाच ड्रममध्ये रात्रभर राहतात आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस किलोमीटरवरच्या जंगलात एकत्र सोडले जातात. वाचवण्याच्या तळमळीने आपण एखादा रोग गावोगाव वाटू शकतो. हा दोष मी भाच्याला देत नाही, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मीही नाही, आणि मी तर दर वर्षी बूट ब्लीचमध्ये बुडवत होते.

म्हणून ओळखपत्र देताना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या. प्रत्येक सापाला वेगळी पिशवी, ती उकळून उन्हात वाळवायची. हूक ब्लीचच्या पाण्यात. साप पकडला त्याच शिवारात, जवळच्या धुऱ्यापलीकडे सोडायचा. खपली, सूज, धुरकट डोळा दिसला तर फोटो काढून वनरक्षकाला कळवायचं, मेलेला साप बर्फात घालून पाठवायचा. पाठवायला जागा दूर नाही. नागपूरला गोरेवाड्यात वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, पशुवैद्यकीय महाविद्यालयही नागपुरातच आहे. या सगळ्याला विम्याच्या रकमेच्या मानाने किरकोळ पैसा लागेल. आणि हा खर्च लसीच्या तोंडचा काढून करायचा नाही, हे मी वर सांगितलंच आहे. धामण शेतकऱ्याचे उंदीर खाते. उंदीर माजले की त्यांच्या मागे नाग आणि परड धान्याच्या ढोल्यापर्यंत येतात, तेव्हा काकूच्या घराचाही यात संबंध आहेच.

त्या संध्याकाळी मी भाच्याला म्हटलं, ती धामण दुसऱ्या सापांत ठेवू नको, जिथे धरलीस तिथल्याच धुऱ्यावर सोड. कोठ्याचा मालक ऐकेना, त्याच्या शिवारात साप नको होता. भाचा त्याच्याशी अर्धा तास बोलत बसला, मी फोन चालूच ठेवला. शेवटी तो मालकच बॅटरी घेऊन पुढे निघाला आणि बांध्यांपलीकडच्या पळसाखाली धामण सोडली. आठवड्याने भाच्याने फोटो पाठवला. अंगणातल्या तारेवर पाच सुती पिशव्या वाळत होत्या, त्याच्या आईने जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या. खाली त्याची वही उघडी होती. तारीख, गाव, साप, कुठे सोडला, या रकान्यांच्या शेजारी त्याने पेनाने नवी रेघ मारून लिहिलं होतं, "अंगावर काय दिसलं."