सशाचे श्राद्ध

गेल्या रविवारपासून इंदूरच्या लोकमान्य नगरातील निम्मी मराठी मंडळी मला ‘सशाचा भटजी’ म्हणू लागली आहेत, आणि त्याचे संपूर्ण श्रेय माझ्या आत्याकडे जाते.

माझी चूक एवढीच की स्पेनची छायाचित्रे दाखवण्यासाठी मी चार नातेवाइकांना पोह्यांना बोलावले. तिकडे तोलेदो प्रांतात, १८० युरो मोजून, मी एक दिवस गरुडाच्या छायाचित्रासाठी लाकडी खोपटात काढला होता. त्याला तिकडे हाइड म्हणतात. आपल्या जुन्या शिकाऱ्यांचा शब्द लपण. आत शिरताना पक्ष्यांना दिसू नये म्हणून उजाडण्यापूर्वी जायचे आणि अंधार पडल्यावरच बाहेर पडायचे. समोरची काच आतून पारदर्शक आणि बाहेरून आरसा असते. ती उजेडही खाते, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, चढवावा लागतो आणि छायाचित्रावर रवा सांडल्यासारखा दिसतो. सोबत नेलेली रतलामी शेव मी तोंडात भिजवून, आवाज न करता गिळली. इंदूरच्या माणसावर यापेक्षा वाईट प्रसंग येऊ नये.

“आणि समोर काय होतं?” आत्याने विचारले.

“मेलेला ससा. गरुडाने यावं म्हणून दगडावर ठेवलेला.”

“म्हणजे खाणं मांडलं आणि लांब जाऊन गप्प बसलास.”

“हो.”

“कोणी शिवलं का?”

हा प्रश्न कोणत्या घाटाकडे चालला आहे हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. परंतु छायाचित्रकाराला श्रोता मिळाला की त्याची बुद्धी चालत नाही.

“दोन रेव्हन आले. कावळ्याचीच जात, फक्त आकाराने दांडगे. सगळा ससा त्यांनीच संपवला.”

“मग रडतोस कशाला?” आत्याने ताटली खाली ठेवली. “कावळा शिवला ना! तुझ्या आजोबांच्या पिंडाला दुपारी दोनपर्यंत शिवला नव्हता. बागेतल्या आंब्याचं वचन दिलं, गाईचं दिलं, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. परक्या देशातल्या सशाला पहिल्या फटक्यात गती मिळाली, हे काय थोडं झालं?”

खोली हसत होती. मी मात्र आवाज चढवून सांगत राहिलो की हा स्पॅनिश इम्पीरियल गरुड आयबेरियन द्वीपकल्पातच, म्हणजे स्पेन-पोर्तुगालातच, वीण करतो, त्याचे खांदे पांढरे असतात, १९६०च्या दशकात त्याच्या जेमतेम ३० जोड्या उरल्या होत्या आणि आज ८००हून अधिक आहेत. तो आला होताही; दोनशे मीटरवरच्या ओकच्या झाडावर, चाळीस मिनिटे, माझ्याकडे पाठ करून. पडद्यावर तो चित्रात तिळाएवढा दिसला. आत्या चष्मा सावरून म्हणाली, “आमच्या टाकीवर बसते ती घार याहून मोठी दिसते.”

मग तिने सहज विचारले, “त्यांनी त्यांचा गरुड वाढवला. आपली गिधाडं कुठे गेली रे?” यावर मात्र मला हसता आले नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने ती मेली. ज्या मेलेल्या गुरावर उतरायची, त्याच्याच मांसातून औषध पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी व्हायची. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचणे चालूच राहिले, म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलिलिटरची करावी लागली. नऊ वर्षे लागली एवढे सुचायला. आणि मी अठरा हजार रुपये भरून परक्यांच्या आभाळाखाली पाठमोरा गरुड बघत बसतो, याचा राग नेमका कोणावर काढावा हे न कळून मी उरलेले पोहे स्वतःच खाल्ले.

काल राजवाड्याजवळ एक परिचित भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, “तेराव्याचं जेवण इथेच ना, की तेही स्पेनला?”